पहिली लेव्हल

रबाळे एमआयडीसी, मागच्या रस्त्याचा प्लॉट.
माझं काम एवढंच:
पट्ट्यावरून आलेला प्रत्येक ‘धूमकेतू’
टीव्हीला जोडायचा, पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात,
आणि तीन मिनिटं खेळायचं.
बोकड उडी मारतो का,
नाण्याचा आवाज येतो का.
मग खोक्यावर शिक्का.

अकरा वर्षं खेळले.
पहिल्या लेव्हलचा एकेक खड्डा
मला गोठिवलीच्या आमच्या आळीपेक्षा पाठ.
दुसरी लेव्हल कधी पाहिली नाही.
चौथ्या मिनिटाला पुढचा डबा समोर.

नेनेसाहेब वाईट नव्हते. हे आधीच सांगते,
नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तसं म्हणाल.
दिवाळीला चिवडा स्वतःच्या हाताने वाटायचे.
पण केबिनमध्ये एक आलेख होता, फ्रेम केलेला,
एकाच दिवाळीच्या विक्रीचा,
आणि त्या दिवाळीनंतर त्या भिंतीवर
दुसरं काही लागलं नाही.

वायर दीड मीटरच ठेवली त्यांनी.
“आपल्या लोकांची खोली दहा बाय दहा.
पोरगं टीव्हीपासून जाणार कुठे?”
साहेब, लोक केव्हाच घणसोलीला
वन बीएचकेत राहायला गेले होते.
पोरं सोफ्यावर बसायची, वायर ताणायची,
डबा खाली यायचा,
आणि तो तडकलेला डबा माझ्या टेबलावर परत,
वर चिठ्ठी: ग्राहकाचा निष्काळजीपणा.

समोर रंगाची कंपनी होती. पाडली.
काचेची इमारत उभी राहिली.
तिथली पोरं आमच्याच टपरीवर चहाला,
गळ्यात पट्टे, हातात फोन, फोनमध्ये खेळ,
आणि खेळणारा दुसरा गडी
कुठेतरी नागपुरात.
आमचा हेरंब, नवा इंजिनिअर,
चहावर साय धरेपर्यंत बघत राहिला.
वर जाऊन म्हणाला, साहेब, जग वायर सोडतंय.
साहेबांनी कॅसेट उचलून टेबलावर आपटली.
“ही हातात धरता येते. हवेतली वस्तू विकत घेईल कोण?”
आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.
ऊन येतं म्हणाले.
खिडकी उत्तरेला होती.

हेरंब सहा महिन्यांत समोरच्या इमारतीत गेला.
टपरीवर ओळख द्यायचा, एवढं खरं.

मग सपाट टीव्ही आले.
मी हप्त्यावर घेतला, म्हणून मला आधी कळलं:
पाठीमागे पिवळं भोकच नाही.
पदराला हात पुसत केबिनमध्ये गेले,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
“दमयंती, लोक चालता टीव्ही फेकत नाहीत.”
त्याच आठवड्यात तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे
चालते टीव्ही एकावर एक,
पारसिकच्या डोंगराकडे काचा करून बसलेले.

आमची खाडीकडची शेतं गेली तेव्हा
मोजणीवाले निघून गेले तरी
आजोबा बांधावर उभेच होते.
त्यामुळे हट्ट मला कळतो.
पण आजोबांना कुणी काही विचारलं नव्हतं.
साहेबांना रोज कुणीतरी विचारत होतं.

शेवटच्या पगारातल्या राहिलेल्या पैशांच्या बदल्यात
प्रत्येकाला दोन डबे.
एक भाच्याला दिला.
त्याने तो टेबलाच्या लुळ्या पायाखाली सरकवला,
आणि खरं सांगते, टेबल हलायचं थांबलं.

दुसरा शेजारणीच्या जुन्या टीव्हीला लावला,
एका रविवारी, दार लोटून.
कॅसेटमध्ये फुंकर मारली.
तीन मिनिटं झाली.
कुणी पुढचा डबा सरकवला नाही.
बोकड शेवटचा खड्डा ओलांडून
पडद्याच्या पलीकडे गेला.

दुसरी लेव्हल.
तेच डोंगर.
तेच खड्डे, त्याच जागी.
आभाळ तेवढं निळ्याचं हिरवं केलेलं.

मी खेळत राहिले,
आणि माझा डावा हात
टेबलावर शिक्का चाचपत राहिला.