निळा डबा

कागदावर डॉक्टरीणबाईंच्या दोनच ओळी.
त्या वाचून पिरोश्कानं फळीवरून
डुकराच्या चरबीचा निळा डबा उतरवला.
झाकणाला सासूच्या वेळचा पोचा.

एकेचाळीस हिवाळे
कांदा पडला तो या चरबीतच.
मग पातेलं खाली घेऊन पाप्रिका,
विस्तवावर टाकली तर कडू होते.
हे कुणी सांगितलं नव्हतं तिला,
नाकानंच शिकवलं.

आता चमच्यानं मोजून तेल.
गाजर वाफेवर. तिसा नदीतला मासाही वाफेवर.
खिडकीची काचसुद्धा.

देझ्यो जेवतो,
शर्टावरूनच छातीचे टाके खाजवत.
"छान झालंय," म्हणतो.

पिरोश्काचा हात थांबतो.
या माणसानं आजवर
कशालाच छान म्हटलं नव्हतं.
पावाच्या तुकड्यानं ताटली पुसायचा,
तुकडा संपला की दुसरा मागायचा,
एवढंच.

रात्री कोठीत उजेड दिसला.
डबा उघडा. घासलेला, कोरडा ठणठणीत.
देझ्यो त्यात तोंड घालून
नुसता वास घेत उभा,
अनवाणी.

दारात ती जरा वेळ थांबली.
काय बोलावं, सुचेना.
मग शाल आवळून आत आली.

"सरक थोडा," म्हणाली.