गोंडे

येमुलशेठ, बसा. पंखा चालणार नाही, लाइट गेलीय.
तुमचा पोरगा म्हणाला असेल,
शनिवारी गठ्ठा तसाच दारात, ओहोळबाईंनी हात लावला नाही,
रविवारी गेलो तर कुलूप, बाई चर्चला.
आठवड्याला दोन सुट्ट्या कुठल्या देवाच्या?
विचारलंत ते रास्त आहे. सांगते, जमेल तसं.

आई रेवदंड्याकडची, मिल्का थळकर, बेने इस्राएल.
इथे रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली
आणि गिरणीतल्या यशवंत ओहोळांच्या प्लास्टरमधल्या पायाच्या प्रेमात पडली.
पायाच्याच, असं ती म्हणायची. बाकीचे बाबा नंतर.
लग्न कळल्यावर तिचे भाऊ ठाण्याला सात दिवस जमिनीवर बसले,
माणूस गेल्यावर बसतात तसे.
आठव्या दिवशी धाकट्याने काळ्या मनुका पाठवल्या पोस्टाने,
चिठ्ठीशिवाय.

त्या शुक्रवारी भिजायच्या.
संध्याकाळी दिवा लावून आई डोळे झाकायची.
फडक्याखाली ज्वारीची भाकरी, पेल्यात मनुकांचं पाणी.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे.
सोलापुरात दहा कुठले? आई एक, मी अर्धी.
दीडात भागवलं.

पुढे बाबांच्या चर्चमध्ये पहिल्यांदा
भाकर मोडली, पेला फिरला,
तेव्हा मनात आलं, अगं, हा तर आपला शुक्रवार,
रविवारी इथे काय करतोय?

उत्तम शुक्रवारी वाचन बाबांकडे असायचं.
‘यहूदी ओरडले’ आलं की त्यांना ठसका लागायचा.
दरवर्षी. त्याच शब्दाला.
आई तिसऱ्या बाकावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
मला वाटायचं, गिरणीचा कापूस, छातीत बसलेला.
बाबा गेल्यावर डॉक्टर म्हणाले,
फुप्फुसं स्वच्छ होती हो त्यांची.

आता माझं.
पाळकसाहेब म्हणतात, उंबऱ्यापर्यंत आलीस, आत ये.
ठाण्याचा मामेभाऊ म्हणतो, आईकडून तू आमचीच,
तेवढं त्याचं नाव सोड.
सोडता येत नाही. आत जाता येत नाही.
देव एक, एवढं मला कळतं.
त्यापुढचं कळत नाही, आणि न कळलेलं मी शपथेवर सांगणार नाही.
मी येशूला प्रार्थना करत नाही, शेठ. त्याच्याबरोबर करते,
बाकावर शेजारी बसून एकाच पुस्तकात बघून म्हणावं तशी.

शुभवर्तमानात एक बाई आहे. बारा वर्षं रक्त जातंय.
गर्दीत मागून येते, त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते.
पाळक बोलतात तिच्या विश्वासावर.
मी गोंड्याशीच अडकते. जन्मभर तेच वळतेय ना.
चार दोरे, पीळ, गाठ. चार दोरे, पीळ, गाठ.
त्याचे कोणी वळले असतील? मरियेने?
मोशेने सांगितलेले गोंडे ते, आज्ञा विसरू नयेत म्हणून,
आईच्या ट्रंकेत आजोबांच्या शालीला होते तसले.
म्हणजे त्या बाईच्या बोटांना लागलं
ते ख्रिस्ती नव्हतं. तोवर कुणीच ख्रिस्ती नव्हतं.
नंतर ती कुठे गेली, लिहिलेलं नाही.
तुमचा मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला.
माझ्या हातात नुसता गोंडा आहे.
पण सुटलेला नाही.

नियम आईइतके जमत नाहीत.
पाणी चार दिवसांआड, शनिवारी नळ आला तर भरते.
मटणात दही घालत नाही. नाताळात तारा टांगते.
मुलाने विचारलं, फॉर्मवर धर्म काय लिहू,
मी म्हटलं, जागा किती आहे बघ आधी.

कधी रात्री भीती वाटते,
आई-बाबांना एका खोलीत ठेवायचं म्हणून
मीच हे सगळं रचलं असेल.
असेलही.

तर शनिवारचे पैसे कापा.
शुक्रवारी दुपारी तयार माल न्या, रविवारी चारनंतर नवा पाठवा.
आणि लाल चादरीचा दोरा हल्ली कच्चा येतोय,
पीळ धरत नाही.
तेवढं बघा.