कन्हान-०३

लांजेवार सरांनी सर्व्हरांना नद्यांची नावं दिली:
वेणा, पेंच, नांद, कन्हान.
आज कन्हान-०३ उतरवायचा.

परसोडीच्या आयटी पार्कात रात्रीचा दीड.
बाहेर भिंतींतून अजून मे महिना निघतो आहे,
आत मी स्वेटर घालून.

केबल आधी ओढू नये.
ओढली तर तो डिस्क शोधत बसतो,
हाक मारतो, थांबतो, पुन्हा मारतो,
आणि त्याच्यापायी बाकीच्या नद्याही तुंबतात.
म्हणून आधी वरचं काम थांबवायचं,
मग डिस्क सोडवायच्या, मग वाट,
नाव अगदी शेवटी.

सगळे आकडे शून्य.
दोन वाजून दहाला एक ठिपका हलला.
कोणीतरी लिहून राहिलं होतं.

सरांचीच जुनी ओळ निघाली,
एसी बंद पडला त्या उन्हाळ्यापासून
रोज खोलीचं तापमान टिपणारी.
नऊ वर्षं. पहिला आकडा एक्केचाळीस,
मग बावीस, बावीस, बावीस.

सकाळी उमरेडला फोन लावला.
"चालूच आहे का बाप्पा ते अजून?"
मागे कूलरची घरघर.
"मंग टाक नं काढून. काहून थांबली?"

फाईल पेंचवर ठेवली. ओळ थांबवली.
एक रात्र आणखी बसले.
दोन दहा. काही नाही.

यादीतून नाव काढताना
मशीननं विचारलं, खात्री आहे का.
दोनदा विचारलं.

केबलच्या टोकाला टोपी घातली.
लेबल मात्र निघेना, सरांच्या अक्षरातलं.
नखानं खरवडलं.
'कन्' तेवढं राहिलं.