येणे बाकी

कोर्टाच्या मागं, कडुनिंबाखाली
झाडे टायपिस्टचं टेबल.
पंचेचाळीस डिग्री. डोक्यावर ओला दुपट्टा.
लॅपटॉप चालतो ट्रकच्या जुन्या बॅटरीवर.
"कर्ज कायचं घेऊन राहिल्या, ताई?"
क्लार्नेटचं, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कीबोर्डकडं,
जसं काही ते अक्षर त्यांच्या फॉन्टमध्ये नव्हतंच.

बँकेला अहवाल पाहिजे, पाच वर्षांचा.
लांजेवार साहेबांनी रकाने आखून दिलेत.
पहिलाच : उत्पादनाचे वर्णन.
"हे शेवटी लिहू," झाडे म्हणाले,
"ऐकल्याबिगर काय लिहू जी मी?"

कच्चा माल.
दहा पातींचा डबा, कुरिअर धरून अठ्ठावीसशे.
वैशाखात चार तडकतात.
कूलरसमोर ठेवल्या तर वाळ्याच्या ओलीनं तीन फुगतात.
उरलेल्यांत एक रुसते,
दोन गातात.
"म्हणजे ऐंशी टक्के माल वाया!
पापडाच्या गृहउद्योगातही इतका जात नाही जी."

हंगाम. लग्नतिथी सत्तावीस.
अधिकमासात शून्य.
चौदा एप्रिलला रात्रभर, इंदोऱ्याहून संविधान चौकापर्यंत,
त्याचे पैसे घेत नाही, तो रकाना वेगळा करा.
"वेगळा म्हणजे? खर्च का उत्पन्न?"
घरचं, मी म्हटलं.
त्यांनी 'इतर' असं लिहिलं.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीमागं वाजवलं
की वर्गणीतून पाचशे,
वरून इडा, पिडा, खोकला, ढेकूण
सगळं गावाबाहेर, फुकटात.

स्पर्धक : वाडीचा एक पोरगा, कीबोर्डवाला.
एका बटणात क्लार्नेट, दुसऱ्यात सनई, तिसऱ्यात टाळ्या.
त्याला दम लागत नाही.

यंत्रसामग्री.
मामाचं क्लार्नेट. गड्डीगोदामची बँड कंपनी, निळा कोट,
त्याच्यानंतर कपाटावर अकरा वर्षं.
घसारा धरून किंमत एक रुपया.
खालच्या चावीला रबर बँड बांधलाय,
तो वेगळा धरायचा का, त्यांनी खरंच विचारलं.

मागच्या तीन वर्षांचे हिशेब जोडा, असं होतं खाली.
माझे नव्हते. मामाची वही होती पिशवीत.

'पाचपावली, बनसोड. ठरले चारशे, मिळाले शंभर.
पोरगी पळाली, वरात नाही. पोहे बरे, तर्री जाळ.'

'कामठी, कॅप्टनचा बंगला. पूर्ण पैसे.
कोणी ऐकलं नाही.'

'मोमिनपुरा. वरातीत एक म्हातारे उस्ताद.
मी एका जागी चुकलो, त्यांनी तिथंच मान हलवली.
पैसे घेतले नाही.'

'मेयोच्या मागं, मयत. म्हातारीला जाताना तेच गाणं पाहिजे होतं म्हणे.
बाकी दीडशे. मागावं कोणाला.'

झाडे वाचत राहिले.
मागं वारसदाखलेवाले, घटस्फोटवाले, एक बकरीचोरीवाला,
सगळे स्टॅम्पपेपरनं वारा घेत उभे.
बेरीज त्यांनीच केली, बोटांवर, पुटपुटत :
सहा हजार तीनशे पंच्याहत्तर.
"येण्यात टाकून देऊ? येणं दिसलं का बँक खूश राहते."
मग चष्मा दुपट्ट्याला पुसत, जरा हळू,
"वसूल होणारं लिहू, का बुडीत?"

तोवर मी पात जिभेवर धरली होती.
वाजवायच्या आधी भिजवावी लागते,
कोरडी लावली तर किंचाळते.
तोंड भरलेलं, बोलता येईना.
त्यांची बोटं बटणांवर,
पडद्यावर ती उभी रेघ उघडमीट करत होती
'येणे' या शब्दापुढं.

मी हात वर केला :
थांबा.