शिशाचं चाक

पंधरा वर्षं मी कुडाळात कवळ्या केल्या.
डॉक्टर ठसा पाठवायचा, मी मेणात दात रोवायची,
आणि कुणाचं तरी हसणं डबीत भरून एसटीनं रवाना.
त्यामुळे हाताला एक सवय:
जे उरलंय त्याच्यावरून
जे गेलं ते काढायचं.

आता वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्याला,
बर्फाच्या कारखान्यामागं टेबल मांडलंय.
पत्र्याची आगबोट आहे, धुरांडं नसलेली.
किल्लीचं माकड, हातात एकच झांज.
एका बाहुलीचा डावा डोळा परवा ओतला,
घारेपणा जुळेना; दातांच्या छटांची जुनी पट्टी
डोळ्याला कशी चालेल?
खारी हवा पत्र्याला रात्रीत खाते,
म्हणून प्रत्येक खेळण्याजवळ तांदळाची पुरचुंडी.

नव्या भागाच्या पोटात मी सुईनं
माझं अक्षर कोरते, बारीक.
नवं आहे हे लपवायचं नाही.
मिरवायचंही नाही.

नारळी पुनवेला आठ दिवस होते,
होड्या अजून झापांखाली,
तेव्हा इनास फर्नांडिस पिशवीतून लॉरी घेऊन आला.
लाल, किल्लीची, मामानं एडनहून आणलेली,
मामा तारवटी.
चाकं तीन.
भाच्याचा निरोप फोनवर: चारही कंपनीसारखी हवीत,
तरच गिऱ्हाईक उभं राहील.

दोन चाकं पत्र्याची, ठोकून काढलेली.
तिसरं हाताला जड लागलं.
रंग खरवडला, खाली राखाडी.
शिसं.
आणि त्यावर बारीक वळ्या, एकीला लागून एक,
ओहोटीनं वाळूवर ठेवाव्यात तशा.
साचा मी ओळखते. प्लास्टर नव्हे, माती नव्हे.
किनाऱ्यावर पडलेलं समुद्रफेण,
दोन भाग करून, मध्ये पत्र्याचं चाक दाबून,
कुणीतरी ओतलं होतं.
माझ्याआधी, माझंच काम.

"बापाशीन वतलेलां," इनास म्हणाला.
"चाक बावीत पडलां. बापाशीन पागाची
पाच शिशां काढल्यान, पळयेत वितळवल्यान,
करवंटेच्या आगीर.
त्या वर्सा पागाचो एक काठ तरंगायचो.
मासळी थंयसून पळायची,
आवस गाळी घालायची."
हसला. पुढचे दोन दात नव्हते,
माझ्या बोटांनी ते लगेच मोजले.

बापाचं नाव विचारलं. बस्त्याव.
नाव मी वहीत लिहिलं, मापांच्या खाली:
व्यास बत्तीस, जाडी पाच, बस्त्याव.

पत्र्याची दोन चाकं केली,
एक गेलेल्याच्या जागी, एक त्याच्या.
रंगावर चहाचं पाणी फिरवून साठ वर्षं चढवली.
किल्ली दिली.
लॉरी टेबलावरून सरळ गेली, अगदी सरळ.
इनास बघत राहिला.
पूर्वी ती डावीकडं वळायची म्हणे,
जड बाजूला, दर वेळी,
खाटेच्या पायाला जाऊन थडकायची.
"बरी चलता," म्हणाला,
शेजाऱ्याच्या होडीबद्दल बोलावं तसं.

शिशाचं चाक मी डबीत घालून दिलं,
काढलेला दात देतात तसं.

भाच्यानं लॉरी नेली. कुठं गेली, कळलं नाही.
माझी दोन अक्षरं तिच्याखाली फिरत असतील.

दिवाळीच्या सुमारास खाडीवर इनास दिसला,
गुडघाभर पाण्यात, पाग खांद्यावर.
फेकला तेव्हा काठ गोल उघडला,
त्यात एक शिसं बाकीच्यांपेक्षा मोठं, चपटं,
मधोमध भोक, दोर ओवायला आयतं.
मी हाक मारली नाही.

घरी येऊन मीही एकदा समुद्रफेणात ओतून पाहिलं.
ओलं राहिलं असावं आत.
तडतडलं, फुटलं,
मनगटावर एक पांढरा डाग आहे.
बस्त्यावनं किती फोडली असतील,
हे इनासला विचारायचं राहिलं.