माहितीपत्रक

टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर;
खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही आणि आफ्रिका.
परचुरे म्हणाले, बारिंगो सरोवरावर पानभर लिहा,
मगरी आल्या पाहिजेत,
आणि जेवण आपलं, हे ठळक.

मी लिहिलं:
पहाटेच्या पाण्यावर पाणघोड्यांचे नुसते कान,
शेकडो जातींचे पक्षी,
बोटीतून मगर हाताच्या अंतरावर
(परचुऱ्यांनी ‘हाताच्या’ खोडून ‘सुरक्षित’ केलं),
संध्याकाळी कांदेपोहे, एकादशीला साबुदाणा.

मी तिथं गेलेली नाही.
माझा पासपोर्टही संपलाय दोन वर्षांपूर्वी.

तिकिटाची तारीख बदलायला जेपकेमोई आली.
कोंढव्यात राहते, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला,
मराठी रिक्षावाल्यांकडून शिकलेली.
“सुट्टे नाहीत,” म्हणाली आधीच, आणि हसली.
टेबलावरचं उलटं पान तिनं सरळ करून घेतलं.

“हा रस्ता आता नाही.
हे हॉटेल पण नाही. पाणी चढलं.
माझी शाळा इथे,”
बोट सरकलं फोटोतल्या निळ्यात,
“सहावीचा वर्ग. पत्र्यावर बगळे बसतात.”

“धरण बांधलं का कुणी?” मी विचारलं.
दुसरं काय सुचणार मला?
आई वरसगावच्या पाण्याखालची.
तिच्या माहेरावरून आता स्पीडबोट जाते,
माणशी दीडशे, लाइफजॅकेट फुकट.
एकदा नेलं होतं तिला. उतरली नाही गाडीतून.
काच खाली करून म्हणाली,
चिंच कुठं होती तेही कळेना गं.

“धरण नाही,” जेपकेमोई म्हणाली,
“पाऊस, किंवा खालची जमीन, माहीत नाही.
सगळे वेगळं सांगतात.”

मग बराच वेळ खालचं झेरॉक्स यंत्र तेवढं बोललं.

“पण माणसं पाठवा,” ती उठताना म्हणाली.
“मामाची बोट आहे.
शाळेवरूनच नेतो. मध्येच थांबतो,
शीळ घालतो, मासा वर फेकतो,
मत्स्यगरुड येतो झाडावरून सरळ खाली.
लोक फोटो काढतात.
त्या माशांवर माझी फी.”

ती गेल्यावर साबुदाण्याच्या वर
मी एक ओळ घातली:
बोट एका बुडालेल्या शाळेवरून जाते;
शीळ घालणाऱ्या मामांना बक्षिसी द्यावी.

परचुऱ्यांनी शाळा खोडली.
शीळ राहू दिली.