परत खडी

डिसेंबरात ग्रेडर दाव्याला बांधलेल्या गुरांसारखे उभे असतात,
नाकाखालून एकेक पिवळी वायर, भिंतीतल्या प्लगपर्यंत.
पोटातलं रक्त गोठू नये म्हणून
रात्रभर वीज पितात.

पहाटे पाचला मी शटर उचलते.
आत जळक्या तेलाचा वास. इंजिनांतून काढलेलं काळं तेल
शेगडी पिते, आणि आम्ही हात शेकतो.
इथे काही वाया जात नाही, ऑर्लिन म्हणायचा,
माणसं सोडली तर.

आज मोजदाद. काउंटीला यादी हवी आहे, नाताळाच्या आत.

लिहा: ग्रेडर चार. नंबर दोन, तीन, चार, सहा.
पाच कुठे गेला, हे विचारणारे आता निवृत्त झालेत.
बर्फाचे नांगर तीन. बाजूचा पंख एक, वाकडा.
तो हाल्वोर नेसेटच्या टपालपेटीवर आपटला.
सलग तीन हिवाळे आम्ही त्याची पेटी पाडली,
चौथ्या वर्षी त्याने खांबात काँक्रीट भरलं
आणि खिडकीत खुर्ची टाकून बसला.

मोऱ्यांचे पाईप, पत्र्याचे, कुंपणाशी रचलेले.
चोवीस इंची सहा लिहा.
सातव्यात मांजर व्याली आहे,
तो वसंतापर्यंत यादीत नको.

मीठ मिसळलेली वाळू: ढीग एक. किती टन?
माझ्या डोळ्यांना दिसतो तो ढीग फेब्रुवारीपर्यंतचा,
आणि हिवाळा एप्रिलपर्यंतचा.

पाट्या. अरुंद पूल, वळण, थांबा.
शिकारीच्या मोसमात हरीण नाही मिळालं
की पोरं अक्षरांवर नेम धरतात.
एक पाटी मी दिव्यासमोर धरली,
भिंतीवर चांदण्या पडल्या.
मोडीत काढायच्या पाट्या: अकरा.

आणि एक यंत्र, जे आता इथे नाही.
ऑगस्टात भाड्याने आणलं होतं, नऊ दिवस.
दातांचा रूळ फिरवत ते डांबर चावतं
आणि मागे भुगा टाकतं.
तेरा नंबरचा रस्ता, साडेसहा मैल.
डांबराला पैसे नाहीत, खड्डे बुजवायलाही नाहीत,
तेव्हा परत खडी. कमिशनरांचा ठराव, तीन विरुद्ध दोन.

ते डांबर माझ्या बापाने टाकलं होतं.
मी सहा वर्षांची. गरम काळ्यात माझा बूट रुतून बसला,
तो म्हणाला, राहू दे, रस्त्याचा झाला.
नऊ दिवस मी यंत्रामागून ग्रेडर चालवला,
भुग्याचा वरंबा ओढत, पसरत, पुन्हा ओढत.
बूट शोधत नव्हते.
पण खाली बघत होते.

पाचव्या दिवशी आर्डिस क्विटनो फाटकाशी आली.
मी इंजिन बंद केलं.
"म्हणजे धूळ परत?"
"हो."
"तुझ्या बापाने डांबर टाकलं ना,
दुसऱ्याच दिवशी मी सात चादरी धुतल्या.
पांढऱ्या. एकही मळलेली नव्हती.
नुसत्या तारेवर घालून बघत बसले, संध्याकाळपर्यंत."
मग ती काही बोलली नाही. मीही नाही.
कुत्रं चाकाला हुंगून गेलं.

सहा नंबरच्या केबिनमध्ये, उन्हाच्या झडपेवर
ऑर्लिनची पेन्सिल अजून पुसलेली नाही:
*बाविसावर पूल, पातं उचल.*
*टोर्वाल्डचा बैल सुटतो.*
*दगड, डाव्या हाताला, तो मोठा होतो दर वर्षी.*
त्याखाली मी पहिल्यांदाच काही लिहिलं:
*आर्डिसचे कपडे सोमवारी. तेरावर मंगळवारी जा.*

आता तेरावर दोन फूट बर्फ आहे,
डांबर काय आणि खडी काय.
पेन्सिल एक, असं यादीत लिहू का?
शेगडी भरते. बाहेर वाऱ्याने दिशा बदलली आहे,
आणि चार नंबरची वायर
कुणीतरी रात्री लावायची विसरलंय.